हो की नाही? मतदारांनी थेट कायदे करावेत का

चिंचपेटी

ऑक्टोबर लागला की आमच्या पत्रपेटीत मतपत्रिका येऊन पडते. कॅलिफोर्नियात ती घरीच येते. केंद्रावर जाऊन रांगेत उभं राहायची गरज नाही. २०२४च्या नोव्हेंबरात तिच्यावर उमेदवारांच्या नावांखाली राज्यपातळीवरचे दहा प्रस्ताव होते. कैद्यांकडून सक्तीने काम करून घ्यावं का, घरभाड्यावर नियंत्रण असावं का, किमान वेतन वाढवावं का, चोरीच्या शिक्षा पुन्हा कडक कराव्यात का... प्रत्येकापुढे दोन गोल: हो किंवा नाही. सोबत सरकारने पाठवलेली पुस्तिका, दिवाळी अंकाएवढी जाड.

आई तेव्हा डोंबिवलीहून आली होती. ही पुस्तिका हिंदीतही मिळते, म्हणून तिच्यासाठी मुद्दाम मागवली. चष्मा लावून तिने अर्धा तास वाचली आणि विचारलं, "हे सगळं तुम्हीच ठरवायचं, तर मग आमदार कशाला पोसलेत?"

मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे कुणीही कायद्याचा मसुदा लिहून सह्या गोळा करू शकतो. मागच्या गव्हर्नर निवडणुकीत जितकी मतं पडली त्याच्या ५ टक्के सह्या साध्या कायद्यासाठी, ८ टक्के घटनादुरुस्तीसाठी. २०२४ला हे आकडे होते ५,४६,६५१ आणि ८,७४,६४१. मुदत १८० दिवस. सह्या भरल्या की प्रस्ताव मतपत्रिकेवर, आणि निम्म्याहून जास्त 'हो' आले की कायदा. विधिमंडळाने मध्ये पडायचं कारण नाही. हा झाला पुढाकार. उलटा प्रकारही आहे: विधिमंडळाने केलेला कायदा सह्या गोळा करून अडवायचा आणि मतदानाला टाकायचा. ही सोय १९११ची. तेव्हा सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीने राज्याचं विधिमंडळ खिशात घातलं होतं आणि गव्हर्नर हायरम जॉन्सन ते सोडवायला निवडून आले होते.

आता माझ्या गल्लीतलं उदाहरण. १९७८च्या जूनमध्ये लोकांनी प्रस्ताव १३ मंजूर केला, जवळजवळ ६५ टक्के मतांनी. घरपट्टी घराच्या मूल्याच्या १ टक्का, आणि ते मूल्य वर्षाला फार तर २ टक्के वाढवायचं, घर विकलं जाईपर्यंत. शेजारच्या आजींनी घर सत्तरच्या दशकात घेतलं. त्यांची घरपट्टी वर्षाला दीड-पावणेदोन हजार डॉलर. आम्ही २०२१ला घेतलं, आमची वीस हजारांच्या आसपास. कुंपणाला कुंपण, तेवढ्याच खोल्या, कचऱ्याची गाडी एकच. आजी गोड आहेत, लिंबं आणून देतात. घरपट्टी बाजारभावाने लागली असती तर त्यांना केव्हाच घर विकून जावं लागलं असतं, हेही मला दिसतं. पण हाच नियम मोठमोठ्या कंपन्यांच्या जागांनाही लागतो. २०२०ला तेवढ्यापुरता तरी बदल करू म्हणून प्रस्ताव आला, तो ५२-४८ने पडला.

माझं मत अजून डळमळीत आहे. तुमचं लिहा.

खारवडी

ताई, तुम्ही वीस हजारांवर रडताय, पण तुमच्या हातात पेन तरी आहे. आम्ही न्यू जर्सीवाले. घरपट्टीचं सरासरी बिल दहा हजार डॉलरच्या घरात, देशात पहिला नंबर, आणि राज्यपातळीवर लोकांनी कायदा मांडायची सोयच नाही. असली सोय फक्त २४ राज्यांत आहे. न्यूयॉर्कमध्ये नाही, टेक्सासमध्ये नाही. आम्ही आमदाराला पत्र लिहायचं आणि त्याच्या कार्यालयाने छापील आभारपत्र पाठवायचं.

मी शंभर टक्के बाजूने. लोक चुकतील? चुकू देत. आमदार काय चुकत नाहीत?

निमसरकारी

मी आयुष्यभर फायली हाताळल्या, त्यामुळे थोडं रुक्ष लिहितो.

कायदा ही हो-नाहीची गोष्ट नसते. विधेयक येतं, समितीत जातं, कुणीतरी म्हणतं "पोटकलम तीनमध्ये 'आणि'च्या जागी 'किंवा' घाला, नाहीतर लहान दुकानदार मरेल". तो बदल होतो. विरोधी पक्ष आरडाओरडा करतो, त्यातली एखादी सूचना मुकाट्याने घेतली जाते. मतपत्रिकेवरच्या प्रस्तावाला ही संधीच नाही. ज्याने लिहिला त्याने लिहिला. तुम्हाला नऊ कलमं आवडली आणि दहावं घातक वाटलं, तर करायचं काय? गोल अर्धा काळा करता येत नाही.

चिंचपेटीताई, आमदार पोसलेत ते या 'आणि-किंवा'साठी. आईंना माझा नमस्कार सांगा.

बोरन्हाण

वाचतोय. धागा मोदी-राहुलवर जायच्या आत चांगले प्रतिसाद येऊ देत.

चिंचपेटी

निमसरकारी काका, तुम्ही नेमकं दुखरं बोट दाबलंत. २०२०चा प्रस्ताव २२ घ्या. विधिमंडळाने कायदा केला होता की ॲपवरच्या टॅक्सीचालकांना नोकरदाराचे हक्क द्यावे लागतील. उबर, लिफ्ट, डोअरडॅश वगैरेंनी मिळून दोनशे दशलक्ष डॉलरच्या वर पैसा ओतला आणि आपल्याला हवा तसा प्रस्ताव मंजूर करून घेतला. चालक कंत्राटीच राहिले. पुढे कोर्टकचेरी झाली, २०२४च्या जुलैमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

पण खरी गंमत आतल्या एका कलमात. विधिमंडळाला यात दुरुस्ती करायची असेल तर सात-अष्टमांश बहुमत लागेल. सात भागिले आठ! गुडघ्याएवढ्या अक्षरात 'चालकांना फायदा' असं लिहिलेल्या जाहिराती आम्ही महिनाभर बघितल्या. हा अपूर्णांक एकाही जाहिरातीत माझ्या नजरेला पडला नाही.

मांडवी

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे हे एकदा होऊन गेलंय आणि ते नुसतं इतिहासाच्या पुस्तकात नाही, आजही कुळागरात बसून त्यावर भांडणं होतात.

१६ जानेवारी १९६७. प्रश्न: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा? विलीनीकरणाचं चिन्ह फूल, केंद्रशासिताचं दोन पानं. संसदेने त्यासाठी वेगळा कायदा केला होता. आणि सरकारात बसलेला मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष स्वतःच विलीनीकरणवाला, म्हणून त्याआधी डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार पायउतार झालं. हे आजच्या काळात कोण करील सांगा.

निकाल: दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१.

आता दोन गोष्टी बघा. पहिली, खारवडींच्या बाजूची. त्यानंतर दोनेक महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोव्याने त्याच बांदोडकरांना पुन्हा निवडून दिलं, ३० पैकी १६ जागा. म्हणजे लोक म्हणाले, भाऊ तुम्ही हवेत, पण तुमचं विलीनीकरण नको. नुसत्या निवडणुकीत हे सांगताच आलं नसतं. मगोला मत म्हणजे विलीनीकरणाला मत, असंच दिल्ली-मुंबईत वाचलं गेलं असतं. माझी आजी ह्यातलीच. तिने पानांवर शिक्का मारला आणि मार्चमध्ये मगोच्या सिंहावर.

दुसरी गोष्ट उलट. मतपत्रिकेवर 'स्वतंत्र राज्य' हा पर्यायच नव्हता. फूल नाहीतर पानं. पानांवर शिक्का मारणाऱ्या अनेकांना खरं तर आपलं राज्य हवं होतं. ते मिळायला ३० मे १९८७ उजाडावा लागला. वीस वर्षं.

उत्तर गोंयकारांनी दिलं. प्रश्न दिल्लीने लिहिला होता.

खारवडी

मांडवीताई, पहिला मुद्दा मी चोरणार आहे. फ्लोरिडात २०२०ला अगदी हेच झालं. ट्रम्प जिंकले, आणि त्याच दिवशी त्याच मतदारांनी किमान वेतन १५ डॉलरपर्यंत न्यायचा प्रस्ताव मंजूर केला. तिथे तर घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात, तेही मिळाले. पक्षाला एक मत, प्रश्नाला दुसरं.

दगडफूल

ओरेगनवासी हजर. आमच्याकडे ही पद्धत १९०२ पासून, कॅलिफोर्नियाच्याही आधी.

२०२०ला मेझर ११० (आमच्याकडे प्रस्तावाला मेझर म्हणतात) आलं: थोड्या प्रमाणात अमली पदार्थ जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हा नको, त्याऐवजी १०० डॉलर दंड, आणि व्यसनमुक्तीसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला तर दंडही माफ. गांजाच्या करातून उपचारांना पैसा. मी 'हो' केलं होतं, ५८ टक्क्यांत मीही एक. पुस्तिकेतला युक्तिवाद मला पटला होता, अजूनही तत्त्व म्हणून पटतो.

झालं काय, तर दंड लगेच लागू झाला आणि उपचारांचा पैसा पोचायला उशीर. त्यात फेंटानिल हा जहाल अमली पदार्थ. पोर्टलंडमध्ये ऑफिसला जाताना बसथांब्यावर फॉइल आणि लायटर घेऊन बसलेली माणसं मी रोज ओलांडून जायचो. हेल्पलाइनला फोन करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. शेवटी २०२४ला विधिमंडळाने कायदा बदलला आणि १ सप्टेंबरपासून बाळगणं पुन्हा गुन्हा झालं.

माझा मुद्दा असा की आमचं विधिमंडळ लोकांनी केलेला साधा कायदाही साध्या बहुमताने दुरुस्त करू शकतं. साडेतीन वर्षांत चूक सुधारली (किंवा काहींच्या मते चांगली गोष्ट बिघडवली, त्यावर वेगळा धागा काढा). कॅलिफोर्नियात लोकांनी केलेल्या कायद्याला, त्याच कायद्यात तशी परवानगी नसेल तर, विधिमंडळ हात लावू शकत नाही. पुन्हा मतदानच घ्यावं लागतं. म्हणून तुमच्या आजींच्या घरपट्टीचा नियम १९७८ पासून जागचा हलत नाही. तेरा नंबर तर थेट घटनेतच.

बोरन्हाण

म्हणजे ओरेगनमध्ये पेन्सिलने लिहितात आणि कॅलिफोर्नियात छिन्नीने.

गावठाण

इथे सगळे डॉलरमधले आकडे बघून जरा बिचकलो होतो, पण आमच्या तालुक्यातलं सांगतो. आपल्याकडे हे नाही असं कुणी म्हणू नये. आडवी बाटली आहे ना.

नियम असा: गावातल्या महिला मतदारांपैकी २५ टक्के बायकांनी सह्या करून मागणी केली की दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घ्यायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी म्हणजे दुकान बंद.

आमच्या गावात झालं तेव्हा मी शाळेच्या आवाराबाहेर मंडप बांधायला होतो. सकाळी सातलाच रांग. कामावर जायच्या आधी मत टाकून जाऊ म्हणून बायका विळे-खुरपी घेऊनच आलेल्या. एक म्हातारी दोन्ही हातांनी मतपत्रिका धरून बाहेरच येत होती. तिला आत वळवून पेटी दाखवावी लागली. आमची काकू ज्या माणसाबरोबर चाळीस वर्षं नांदली त्याच्यासमोर तोंड उघडत नाही, पण त्या दिवशी पारावर उभी राहून भाषण ठोकलं तिने.

मोजणीत आडव्या बाटलीचा ढीग एवढा, उभीचा चिमूटभर. आणि तरी दुकान राहिलं.

कारण पडलेल्या मतांच्या निम्मी नाही, यादीत जेवढी नावं आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. आणि यादीत कोण? सहा वर्षांपूर्वी वारलेल्या, लग्न होऊन सासरी गेलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या, नवऱ्याबरोबर पुण्याला राहणाऱ्या. या सगळ्या न येता उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या गेल्या. निकालाच्या संध्याकाळी दुकानापुढे फटाक्याची माळ लागली.

काकू म्हणाली, "मेलेल्या बायकांनी हरवलं आपल्याला."

मांडवी

गावठाण, अंगावर काटा आला.

निमसरकारी

गावठाण, माझ्या वरच्या रुक्ष प्रतिसादाची मला लाज वाटते आहे. पण बघा, इथेही तेच. निम्मी कशाच्या, हे एक वाक्य ज्याने लिहिलं त्याने अर्धा निकाल तिथेच लिहिला.

विधानसभेत मात्र हजर आणि मतदान करणाऱ्यांचं बहुमत चालतं. वारलेल्या आमदाराचं मत कुणी विरोधात धरत नाही.

अवांतर: रायगडात २१ सप्टेंबर २००८ला पेण तालुक्यातल्या २२ गावांत सेझवर (विशेष आर्थिक क्षेत्रावर) जनमत घेतलं होतं. शेतकऱ्यांचा कौल काय हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. पण कायद्याने तो कुणावर बंधनकारक नव्हता. लोकांना विचारायचं आणि ऐकायचं बंधन ठेवायचं नाही, हा तिसराच प्रकार.

वकिलीणबाई

एक फारशी न चर्चिलेली गोष्ट. भारताच्या घटनेत जनमत जवळजवळ आलं होतं. आणीबाणीनंतर जनता सरकारने १९७८ला पंचेचाळिसावं घटनादुरुस्ती विधेयक आणलं. त्यात एक तरतूद अशी होती की घटनेच्या काही मूलभूत गोष्टी बदलायच्या असतील तर संसदेच्या बहुमताबरोबर जनतेचा कौलही घ्यावा लागेल. लोकसभेत पास. राज्यसभेत काँग्रेसचं बळ होतं, तिथे ती तरतूद उडाली. उरलेलं विधेयक चव्वेचाळिसावी दुरुस्ती म्हणून लागू झालं.

मला ती कल्पना बरी वाटते, कारण तिथे जनमत हे कुलूप होतं, किल्ली नव्हे. लोकांनी नवा कायदा लिहायचा नाही, सत्तेने मर्यादा ओलांडली तर अडवायचं. 'हो-नाही' एवढंच बोलता येत असेल तर ते 'नाही' म्हणण्यासाठी वापरावं. त्यात 'आणि-किंवा'ची अडचण येत नाही.

उदाहरण म्हणून मिझुरी बघा. २०१७ला तिथे कामगार संघटनांची सक्तीची वर्गणी बंद करणारा कायदा विधिमंडळाने केला होता. कामगारांनी सह्या गोळा करून तो मतदानाला खेचला आणि २०१८ला ६७ टक्के लोकांनी फेटाळला. झालं काम. कुणाला नवा मसुदा लिहावा लागला नाही.

ओटीवरचा

मी एरवी फक्त वाचतो. पण बहुमताने कायदा करायचा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, आणि त्याचं कारण सांगतो.

मे २००८ला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली. जूनपासून लग्नं लागू लागली. आमची ऑगस्टमध्ये लागली. तो आणि मी, दोघं मित्र साक्षीला, आणि कुणीतरी आणलेले बेसनाचे लाडू. नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव ८ आला आणि ५२ टक्क्यांनी आमच्यासारख्यांच्या लग्नावर बंदी आली. आधी लागलेली लग्नं न्यायालयाने वैध ठेवली, म्हणून आमचं टिकलं. आमच्या मित्रांनी डिसेंबरची तारीख धरली होती, ते २०१३ पर्यंत थांबले.

सकाळी लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसांपैकी दर दोघांतल्या एकाने माझ्या घराविषयी 'हो' गोल काळा केला होता. आमदाराचा राग येतो आणि जातो. हा राग कुणावर काढायचा?

(२०२४च्या त्याच मतपत्रिकेवर, चिंचपेटीताई, तो मजकूर घटनेतून काढायचा प्रस्तावही होता. मंजूर झाला. आम्ही दोघांनी तो गोल एकाच पेनने भरला.)

खारवडी

ओटीवरचा, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी वर 'चुकू देत' असं हात झटकून लिहिलं होतं. ते तसं लिहायला नको होतं. बाजू सोडत नाही, पण हक्कांचे प्रश्न यातून बाहेर ठेवायला हवेत, हे मान्य.

दगडफूल

खारवडी, बाहेर ठेवणार कोण? स्वित्झर्लंडमध्ये बायकांना मताचा हक्क १९७१ला मिळाला, तोही पुरुषांच्या मतदानाने. आधी १९५९ला पुरुषांनी फेटाळला होता. आपेनझेल इनररोडेन या छोट्या कँटनमध्ये (तिथल्या राज्यात) तर १९९०ला न्यायालयालाच सांगावं लागलं.

चिंचपेटी

सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले (ती आता डोंबिवलीत, त्यामुळे व्हॉट्सॲपवरून). तिला आडवी बाटली आणि लाडू हे दोन लक्षात राहिले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती. २८ जून २०१८. त्या एका दिवशी आमच्या गव्हर्नरनी दोन कायद्यांवर सही केली. एक, लोकांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाचा, जो आज देशभर नमुना म्हणून धरला जातो. एका श्रीमंत बिल्डरने तसा प्रस्ताव लिहून सह्या गोळा केल्या होत्या. तो म्हणाला, विधिमंडळाने कायदा केलात तर मी मागे घेतो. त्यांनी घाईघाईने केला. दुसरा, शहरांनी गोड शीतपेयांवर नवा कर लावायचा नाही, २०३१ उजाडेपर्यंत. शीतपेय कंपन्यांनी कुठलाही स्थानिक कर वाढवणं अवघड करणारा भलामोठा प्रस्ताव सह्यांसकट तयार ठेवला होता आणि म्हणाल्या, आमच्यापुरती ही बंदी द्या, मग तो मागे घेतो. शहरं घाबरली, विधिमंडळ वाकलं.

दोन्ही प्रस्ताव मतपत्रिकेवर आलेच नाहीत. कुणीही कुठलाही गोल भरला नाही. हत्यार म्यानातूनही न काढता दोन कायदे झाले, एक माझ्या बाजूचा, एक माझ्या मुलाच्या दातांच्या विरुद्ध बाजूचा. १९११ला रेल्वे कंपनीला आवरायला दिलेली काठी आता कंपन्यांच्याही हातात चांगलीच बसते.

त्यामुळे माझं मत आता थोडं स्थिरावलंय. वकिलीणबाईंचं 'नाही'पुरतं जनमत मला हवं. 'हो'साठी हवं असेल तर ओरेगनसारखं पेन्सिलने. आणि सात-अष्टमांशवालं कलम कुणी आत घातलं तर ते पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापावं.

गावठाण

ताई, पण सह्या गोळा करणारे तिकडे कोण असतात? आमच्याकडे काकूच दारोदार फिरली.

चिंचपेटी

गावठाण, इकडे बहुतेक पगारी असतात. दर सहीमागे पैसे. ओरेगनमध्ये सहीवर पैसे द्यायला बंदी आहे, आमच्याकडे नाही.

परवाच शनिवारी भाजी घेऊन बाहेर पडले तर देशी दुकानाच्या दारात एक तरुण मुलगा घडीचं टेबल मांडून उभा. पाच याचिका, पाच क्लिपबोर्ड, दोरीला बांधलेली पाच पेनं. "मॅडम, शाळांसाठी आहे, फक्त सही." म्हटलं, पूर्ण मजकूर दाखव. तो गोंधळला. टेबलाखालच्या खोक्यातून गठ्ठे काढले, म्हणाला, सकाळपासून हे कुणी मागितलं नव्हतं. मी मेथीची पिशवी टेबलावर ठेवून उभ्या-उभ्या वाचलं. पैसा कुणाचा ते कागदावर छापावं लागतं, तेही वाचलं. पाऊण तास गेला. त्याने मध्येच मला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः उभा राहिला.

पाचापैकी एकावर सही केली. कुठल्या ते सांगत नाही, नाहीतर धागा तिकडेच वळेल.